पाठराखीण

दसऱ्याच्या दिवशी दुपारी कोडोलीच्या बायकांनी टेम्पोचं दार अडवलं आणि आत बसलेल्या यल्लव्वाला म्हणाल्या, आधी नाव घ्या, मग उतरा. यल्लव्वा काही बोलली नाही. बायका हसल्या. एक म्हणाली लाजतीया, दुसरी म्हणाली भाव खातीया. टेम्पो विकत घेणाऱ्या पिराजीची आई, बायडाबाई, ओवाळणीचं ताट घेऊन पुढं झाली. तिनं आधी टेम्पोला ओवाळलं, मग आतल्या बाईला. ताट तोंडापुढून फिरलं, पण डोळे ताटाबरोबर फिरले नाहीत. तेव्हा बायडाबाईच्या हातातलं निरांजन हललं.

तिच्या नवऱ्याला, कृष्णातला, यातलं काही माहीत नव्हतं. तो शिरोली नाक्यावर आपल्या गाड्यांच्या अड्ड्यात उभा राहून आल्या-गेल्याला सोनं देत होता. दसरा म्हणजे जुन्या टेम्पोच्या धंद्याची दिवाळी. सकाळपासून गिऱ्हाइकं होती, बॉनेटवर झेंडूचे हार होते, चाकांखाली लिंबं चिरडून वास सुटला होता. शेजारच्या टायरवाल्यानं फोन आलाय म्हणून हाक मारली, तेव्हा त्याच्या मुठीत आपट्याची पानं होती. फोनवर पिराजी होता.

"मालक, तुमी या."

"गाडीला काय झालं?" कृष्णातनं विचारलं. सवयीनं तेच आलं तोंडात.

"गाडीला काय न्हाय झालं," पिराजी म्हणाला.

कृष्णात सरकारी दवाखान्यात पोचला तोवर पिराजीनं जीप करून तिला तिथं आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, वाटेतच पडलं असणार, त्रास झाला नसेल. टेबलामागच्या माणसानं कागद पुढं ओढला आणि मयताचं नाव विचारलं. कृष्णात त्याच्याकडं बघत राहिला. त्या माणसानं पुन्हा विचारलं. मग पिराजीनंच सांगितलं, यल्लव्वा.

पिराजीला तिचं नाव माहीत होतं, कारण गाडीत बसल्यावर तिनंच त्याला सांगितलं होतं. कृष्णातनं ते कधीच तोंडातून काढलं नव्हतं. त्यांच्या घरात बाप्या माणसानं बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. आई होती तोवर तो तिला 'ए' म्हणायचा, पोरगी झाल्यावर 'अक्षताची आई' म्हणायला लागला. लग्नात बायकांनी त्याला नाव घ्यायला अडवलं होतं, तर हा पठ्ठ्या मागच्या दारानं पळाला होता. ती गोष्ट तिच्या माहेरी, निपाणीकडं, पुढं कितीतरी वर्षं सांगून हसत होते.

आणि ती मात्र त्याचं नाव गावोगाव घेत हिंडली.

ते असं झालं. नव्वद-एक्क्याण्णव साली कृष्णातनं नाक्यावर जागा भाड्यानं घेऊन अड्डा टाकला. जुने मेटॅडोर, चारशेसात, कधी एखादी मोठी सहाचाकी घ्यायची, बॉडी ठाकठीक करायची, रंग मारायचा आणि विकायची. दूधवाले, भाजीवाले, फौंड्रीवाले, मंडपवाले, सगळ्यांना तेवढीच गाडी लागायची. मोठा ट्रक परवडत नाही आणि तीनचाकी पुरत नाही, अशा माणसाची ती गाडी. पहिला टेम्पो विकला त्या दिवशी यल्लव्वा हळदीकुंकवाची कोयरी घेऊन अड्ड्यावर आली. त्या गाडीला तिनं स्वतः घासून पुसून काढलं होतं. हळद लावता लावता तिला रडू आलं. गिऱ्हाईक चेष्टेखोर होतं. ते म्हणालं, "वहिनी, लेक सासरी निघाल्यागत करतायसा. मग पाठराखीण म्हणून चला की संगं."

लग्न झाल्यावर नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. दोन दिवस राहते, पोरीचा जीव रमला की ओटी भरून घेते आणि माघारी येते. यल्लव्वानं पदरानं डोळे पुसले आणि खरंच वर चढून डाव्या बाजूला बसली. संध्याकाळी एस्टीनं परत आली तेव्हा ओटीत खण-नारळ होता आणि तोंडभर हसू होतं. त्या घरच्या बायकांनी तिला दारात अडवून नाव घ्यायला लावलं होतं.

तिथून ती रीतच पडली. गाडी विकली की यल्लव्वा बरोबर जायची. डाव्या सीटवर बसली की "होगी बर्तेनी" म्हणायची, म्हणजे जाऊन येते. कृष्णात "हं" म्हणायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळायचा. प्रत्येक गावाला ती नवा उखाणा करायची. एकदा घेतलेला पुन्हा घ्यायची नाही. गिऱ्हाइकं लांबून येऊन म्हणायची, पाठराखीण येणार असली तर गाडी घेतो. पलीकडं अड्डा असलेला हंबीरराव जळायचा. "कृष्णा, तू गाड्या इकतोस का पोरी उजवतोस?" असं चारचौघांत विचारायचा, आणि मागनं गिऱ्हाइकांना सांगायचा की गाडी याच्याकडनंच घ्या, बाईचा पायगुण चांगला हाय.

या सगळ्या वर्षांत कृष्णात एकदाही बरोबर गेला नाही. अड्डा कोण बघणार? तिनं घेतलेला एकही उखाणा त्यानं आपल्या कानानं ऐकला नव्हता.

दिवसकार्य झालं आणि पिराजी तो टेम्पो परत घेऊन आला. निळा चारशेसात, दुधासाठी घेतलेला, पुढच्या काचेवर दसऱ्याचा वाळलेला हार तसाच. त्यानं भांडण केलं नाही. किल्ली कृष्णातच्या हातात दिली आणि म्हणाला की आई ऐकत नाही. पाठराखीण माघारी गेली नाही तर नवरी नांदत नाही, असं तिचं म्हणणं. मग त्यानं आणखी एक सांगितलं.

"वाठारपतोर त्या बोलत होत्या, मालक. उखाणा जुळवत होत्या. पयली ओळ मला म्हणूनबी दाखवली. मग गप झाल्या. मला वाटलं, पुढचं हुडकत्यात."

"काय होती ओळ?"

"लेक दिली कोडोलीला, गाडी लावली दारी."

कृष्णातनं किल्ली खिशात घातली.

त्या टेम्पोच्या डाव्या दाराचं आतलं हँडल जाम झालेलं होतं. बसलेल्या माणसाला बाहेरून कुणीतरी दार उघडून द्यावं लागायचं. कृष्णातनं ते बदलून घेतलं, ऑइल पाजलं, पंधरा वेळा उघडझाप करून बघितलं. आता दार आतून बोटानं उघडत होतं. मग त्यानं गाडी विकायला काढली.

गाडीत माणूस गेलं असेल तर ते गिऱ्हाइकाला सांगायचं, हा नाक्यावरचा नेम होता. कृष्णातनं सांगितलं. शिरोली एमआयडीसीत फौंड्री असलेला विजयसिंह म्हणून एक शिकलेला तरणा माणूस आला होता. त्याला हसू आलं. "मयत कुणाच्या घरात होत न्हाय? म्हणून घर इकतो व्हय आपण?" म्हणाला आणि टेम्पो घेऊन गेला. बरोबर कोण जाणार हा प्रश्न त्या दिवशी कुणी काढला नाही. टेम्पो नाक्यावरून वळला तेव्हा कृष्णातला उन्हात डाव्या खिडकीत कोपर दिसल्यासारखं वाटलं. ती तसाच हात बाहेर टाकून बसायची. पण ऊन डोळ्यावर होतं.

उन्हाळा संपायच्या आत विजयसिंह टेम्पो घेऊन परत आला. यंत्रात काही बिघाड नव्हता, त्यानंच ते सांगितलं. त्याचा ड्रायव्हर चालवायला तयार नव्हता. ड्रायव्हर दारूडा नव्हता, घाबरटही नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की माल घेऊन कुठंही पोचलं, गाडी दारात लावली, की तो आपोआप पुढून वळसा घालून डाव्या बाजूला जातो, दार उघडतो आणि धरून उभा राहतो. कुणीतरी उतरायचं आहे म्हणून. जरा वेळानं ध्यानात येतं की आत कुणी नाही. हमाल हसायचे. मग त्यांनीही त्या सीटवर बसायचं सोडलं. मागं गरम कास्टिंगवर पोतं टाकून बसायचे, पण पुढं यायचे नाहीत.

"तू समजावायचं न्हाईस का त्याला?" कृष्णातनं विचारलं.

विजयसिंह दुसरीकडं बघत म्हणाला, "मी सोता चालवून बघितली. मीबी उघडलं."

त्यानंतर हंबीररावानं टेम्पो नेला. त्याचं इचलकरंजीत सुताचे गठ्ठे नेणारं एक गिऱ्हाईक होतं, गाववाल्यांची भुतं त्या गिऱ्हाइकाला लागत नाहीत असं तो म्हणाला. पावसाळा सरला आणि एका सकाळी हंबीरराव स्वतः टेम्पो चालवत अड्ड्यात आला. खाली उतरला, पुढून वळसा घातला, डावं दार उघडलं आणि थांबला. मग त्याला कृष्णात दिसला. त्यानं दार लावलं, आवाज न करता. हंबीररावानं आयुष्यात कुठलं दार बिनआवाजी लावलं नव्हतं.

"ठेव बाबा तुझ्यापाशीच," म्हणाला आणि चेष्टा न करता चालत गेला.

टेम्पो अड्ड्यात कुंपणाच्या कडेला राहिला. कृष्णात सकाळी आला की कोट खुंटीला अडकवायच्या आधी त्या बाजूला जायचा. आपण दार उघडून उभे आहोत हे त्याला कधी कधी अड्ड्यातल्या माणसानं हाक मारल्यावर कळायचं. भीती अशी वाटायची नाही. सीटच्या रेक्झीनला एक खळगा पडला होता, तो त्यानं भरून घेतला नाही.

धंदा तोवर बदलत चालला होता. नवा लहान चारचाकी टेम्पो बाजारात आला, कोरा करकरीत, बँका घरी येऊन कर्ज द्यायला लागल्या. दूधवाल्या पोराला जुन्या गाडीचा गिअर खरडत बसायचं कारण उरलं नाही. हंबीररावानं अड्डा मोडून शाहूपुरीत फायनान्सचं ऑफिस टाकलं, खुर्चीत बसायला लागला, शर्ट आत खोवायला लागला. हायवेचं चौपदरीकरण आलं आणि नाक्यावरची जागा सोडा म्हणून सांगण्यात आलं. कृष्णातनं एकेक गाडी मिळेल त्याला देऊन टाकली. तो निळा चारशेसात तेवढा राहिला. सांगलीला दिलेली अक्षता फोनवर म्हणाली, "बाबा, भंगारात द्या आन मोकळं व्हा. आई काय लोखंडात बसलीया व्हय?" त्याला ते पटलं.

भंगारवाला आला. त्याच्या माणसानं गॅसचा कटर, नळ्या, सिलिंडर सगळं टेम्पोपाशी मांडलं. कुठून सुरुवात करावी म्हणून तो गाडीभोवती हिंडला. डाव्या बाजूला आला, दार उघडलं. एका हातात न पेटवलेला कटर, दुसऱ्या हातानं दार धरलेलं, असा तो उभा राहिला. मान जराशी वर, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हात द्यावा तशी. परगावचा माणूस होता, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," कृष्णात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं टेम्पोला नवी बॅटरी बसवली, काच पुसली आणि किल्ली फिरवली. विकलेली गाडी पोचवायला तो आयुष्यात पहिल्यांदा निघाला होता, पिराजीच्या कोडोलीला. वाठारला हायवे सोडून गाडी डावीकडं घेतली. इथपर्यंत ती बोलत होती, हे त्याच्या मनात आलं. पुढं दोन्ही बाजूंना ऊस होता, कारखान्याच्या बैलगाड्या होत्या, मळीचा वास होता. त्यानं डाव्या सीटकडं बघितलं नाही. वळणावर गाडी हळू घेतली, खड्डा चुकवला, पलीकडच्या माणसाला हिसका बसू नये तसा.

पिराजीच्या दारात दोन नव्या लहान गाड्या उभ्या होत्या. पिराजी डेअरीला गेला होता. बायडाबाई सोप्यात बाजेवर बसली होती, आता थकलेली, पण नजर शाबूत. निळा टेम्पो बघून ती दचकली नाही.

"आलासा? लई येळ लावलासा," ती म्हणाली.

तिनं सुनेला देव्हाऱ्यापासचं ताट आणायला सांगितलं. ताटात घडी न मोडलेला हिरवा खण होता, तांदूळ होते, हळकुंड होतं आणि नारळ होता. खण त्या दसऱ्याचाच. नारळ दर दसऱ्याला ती बदलत होती. पाव्हणीची ओटी न भरता ठेवायची नसते, म्हणून. शेजारच्या बायका एकेक करून जमल्या. त्यातल्या कितीतरी त्या दिवशी दारात होत्या.

कृष्णात म्हणाला, मला काय करायचं ते कळत नाही, तुम्ही सांगाल ते करतो. सांगताना त्याला एखाद्या गिऱ्हाइकासारखं वाटलं, ज्याला गाडीतलं काही कळत नाही.

बायडाबाईनं पाणी मागून घेतलं, प्याली, आणि मग बोलली. "आमी तिला अडवली. नाव घेतल्याबगार खाली पाय ठेवायचा न्हाय म्हटलं. मीबी हसलो तवा. ती तशीच अडकून ऱ्हायली बघा. आता तिचं तोंड मिटलं. तिच्या वाटणीचं नाव तुमीच घ्यायला पायजे. तुमी तिचं घ्या, मंजे ती उतरंल. मी ओटी भरतो, आन तुमी तिला एस्टीनं घरला घेऊन जावा. गाडी हितं सोडा. नांदंल मग ती."

एवढं सोपं होतं. बायका दाराभोवती उभ्या राहिल्या. या वेळी कुणी हसत नव्हतं, एक-दोघींनी डोक्यावर पदर घेतला होता. कृष्णातनं पुढून वळसा घातला आणि डावं दार उघडलं. हँडल हलकं फिरलं. सीटवरच्या खळग्यात ऊन पडलं होतं.

"घ्या," बायडाबाई म्हणाली.

पहिली ओळ त्याला पाठ होती. "लेक दिली कोडोलीला, गाडी लावली दारी," तो म्हणाला. आवाज बरा निघाला. पुढं काय जुळवायचं हे त्यानं वाटेत ठरवलं होतं, फार अवघड नव्हतं. फक्त मध्ये तिचं नाव यायचं होतं.

नाव जिभेवर आलं. ते त्याला माहीत होतं, रेशन कार्डावर होतं, दवाखान्याच्या कागदावर होतं, अक्षताच्या पत्रिकेत होतं. आणि त्याच वेळी त्याला समजलं की ते घेतलं की ती उतरणार. ती उतरली की ही सीट नुसती सीट होणार. सकाळी दार उघडायला काही कारण राहणार नाही. एस्टीत शेजारी कोण बसलंय ते त्याला दिसणार नव्हतं, घरी गेल्यावर तर नाहीच. ती कुठं आहे हे जगात या एकाच ठिकाणी त्याला नक्की माहीत होतं.

बायका थांबल्या होत्या. कुणाचं तरी तान्हं किरकिरलं, त्याला थोपटून गप्प केलं.

"अक्षताची आई," कृष्णात म्हणाला. "चल."

काही झालं नाही. वारा नव्हता, दारावरचं तोरण हललं नाही.

"हे नाव न्हवं, पावणं," बायडाबाई हळू म्हणाली. "हे नातं झालं. नाव घ्या."

कृष्णातनं सीटवरच्या खळग्याकडं बघितलं. मग दार लावलं. लावताना आत एखादा पदर, एखादं बोट अडकणार नाही ना, हे बघून लावलं. बायडाबाई रागावली नाही. तिनं ताट सुनेकडं दिलं आणि देव्हाऱ्यापाशी परत ठेवायला सांगितलं. नाव घ्यायला याल तेव्हा न्या, म्हणाली. मी असीन-नसीन, सुनेला सांगून ठेवतो.

सुनेनं चहा ठेवला होता. तो न घेता निघणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यानं बशीतून घेतला. मग गाडीत बसला. निघताना शेजारून "होगी बर्तेनी" असं काही ऐकू येतंय का, म्हणून त्यानं इंजिन चालू करायला जरा उशीर लावला. ऐकू आलं नाही. तरी तो सवयीनं "हं" म्हणाला.

नाक्यावरचा अड्डा आता रस्त्याखाली गेला आहे. टेम्पो शिरोलीत कृष्णातच्या घरापुढं उभा असतो. बॅटरी उतरली आहे, मागच्या चाकांत हवा नाही. गल्लीतली माणसं त्याला वळसा घालून जातात, कुणी तक्रार करत नाही. दिवेलागणीच्या आधी कृष्णात बाहेर येतो, पुढून फिरून डाव्या बाजूला जातो, दार उघडून धरतो. पहिली ओळ म्हणतो. थोडा वेळ उभा राहतो आणि दार लावतो.

कोडोलीला बायडाबाईनं या दसऱ्यालाही नारळ बदलला, असं पिराजी सांगत होता.

नाव घ्यायचं राहिलं आहे.